तीन बोटं

पोळ्याच्या दिवशी शेजारच्या दीदीनं ताटलीभर ठेठरी-खुरमी पाठवली आणि पहिल्याच घासाला नानांच्या डाव्या कानात टक् झालं. ठेठरी बेसनाची, कडक तळलेली. भंडाऱ्याकडे ती कोणी करत नाही, पण भिलाईच्या मरोद्यात जन्म गेल्यावर नानांना पोळ्याला पुरणपोळीइतकीच ठेठरीही लागायची. उजवीकडच्या दोन दाढा कधीच्याच काढलेल्या, त्यामुळे चावण्याचा सगळा कारभार डाव्या बाजूनं. नानांनी घास थांबवला, तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. उघडताना मोठा टक्, मिटताना बारीकसा.

"माह्या कानात किडा गेला," नाना म्हणाले.

नानींनी बॅटरी लावून पाहिलं. किडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताटली परत करायला गेले तर दीदीनं विचारलं, "का होगे कका?" नानांनी तोंडाची उघडझाप करून दाखवली. आवाज तिला ऐकू गेला नाही, पण सल्ला तयार होता. सरसूच्या तेलात लसूण कडकवून कोमट थेंब सोडायचे. ते झालं. मग आठवडी बाजारातल्या कान कोरणाऱ्यानं कानातून एक लालसर खडा काढून दाखवला. असे खडे त्याच्या खिशात तयारच असतात हे नानांना पक्कं माहीत होतं, तरी त्यांनी पैसे दिले. दुखण्यानं माणूस भोळा होतो, आणि इथे तर दुखतही नव्हतं. नुसता आवाज होता. भात खाताना कमी, भाकरी खाताना जास्त, आणि जांभई दिली की थेट डोक्यात.

नानांना या आवाजाचा इतका त्रास होण्याला कारण होतं. आयुष्यभर त्यांनी आवाज ऐकण्याचीच भाकरी खाल्ली होती.

त्यांचे वडील भंडारा जिल्ह्यातून इथे आले ते माती उपसायला. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठीचा रशियाबरोबरचा करार 1955 चा. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा वडील गर्दीत मागे कुठेतरी उभे होते, असं घरात सांगितलं जाई. नाना कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. आता मुलगाही तिथेच, आणि घर म्हणजे मरोदा सेक्टरमधलं मुलाचं क्वार्टर. घरात मराठी, दारात हिंदी, शेजारी छत्तीसगढी, अशी तीन भाषांची वस्ती. एका बाजूला कारखान्याला पाणी पुरवणारा मरोद्याचा तलाव, दुसरीकडे दल्ली-राजहराहून खनिज घेऊन येणाऱ्या मालगाड्यांचा रूळ.

नानांचं नाव होतं ते सळईसाठी. फिरत्या मोटारीच्या बेअरिंगवर लोखंडी सळईचं एक टोक टेकवायचं, दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवून तो कानापुढच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचे. आत गोळ्या कशा पळताहेत ते सळई सांगते. सारखी किरकिर असली तर बेअरिंग कोरडं आहे. मोजून ठरावीक अंतरानं खट् झालं तर फिरण्याच्या वाटेवर कुठेतरी टवका उडालाय. आजकाल याला यंत्रं आहेत, कंप मोजून कागदावर रेघा काढणारी. पण नानांच्या काळात फोरमनही शटडाउन मागण्याआधी विचारायचा, "नानाने सुना क्या?"

ही विद्या त्यांना एका उस्तादानं दिली. उस्ताद भिलाईला येण्याआधी कुठल्याशा कापडगिरणीत होता आणि तिथली एक गोष्ट तो प्रत्येक नव्या पोराला सांगायचा. गिरणीत एका मोटारीचं बेअरिंग ओरडायला लागलं. एका हुशार पोरानं ग्रीसगन लावली आणि ते गप्प होईपर्यंत ग्रीस भरलं. सगळ्यांनी शाबासकी दिली. टवका उडालेल्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस गेलं की आवाज काही काळ दबतो, टवका मात्र तसाच राहतो, वर कोंबलेल्या ग्रीसनं ते जास्तच तापतं. रात्रपाळीत बेअरिंग जाम झालं. सकाळी उघडलं तेव्हा शाफ्ट तापून निळा पडलेला. गोष्ट संपली की उस्ताद म्हणायचा, "जब तक बोल रहा है, तब तक बचा सकते हो." पुढे नानांनी तीच गोष्ट, तोच निळा शाफ्ट, आपल्या हेल्परांना सांगितला, आणि निवृत्त झाल्यावर मुलाला, जावयाला, चहाच्या टपरीवर भेटेल त्याला.

तर असा माणूस नवरात्र संपल्यावर एकदाचा सेक्टर 9 च्या दवाखान्यात कान दाखवायला गेला. कानाच्या डॉक्टरांनी तेलानं भिजून फुगलेला मळ काढला, पडदा पाहिला, म्हणाले, कान उत्तम आहे. नानांनी तिथल्या तिथे तोंड उघडलं. टक्.

"मग हा आवाज कायचा जी?"

डॉक्टरांनी त्यांना दातांच्या विभागाकडे पाठवलं. कान दाखवायला आलेल्या माणसाला दाताकडे धाडलं की त्याला वाटतं, आपल्याला टोलवलं. नानांनाही वाटलं. तिथल्या डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या निघाल्या, केसपेपरवरचं आडनाव वाचून मराठीतच बोलू लागल्या.

"काका, दोन्ही करंगळ्या कानात घाला. बोटांचा मऊ भाग पुढे, चेहऱ्याकडे. आता पुढच्या भिंतीवर हलकं दाबा आणि तोंड उघडा."

नानांनी तसं केलं. उजवीकडे बोटाखालून एक गोल हाड गुळगुळीत पुढे सरकलं. डावीकडे ते जरा अडलं, मग टक् करून उडी मारून पुढे गेलं. आवाज कानात नव्हताच. कानाच्या पुढच्या भिंतीपलीकडे होता.

"अरे बाप्पा," नाना म्हणाले, करंगळ्या कानातच ठेवून. "हे तर हाउसिंग आहे."

बाईंना हाउसिंग कळलं नाही, पण त्यांनी कागदावर काढून दाखवलं. खालच्या जबड्याचं वरचं टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोन्हींच्या मधे एक लवचीक चकती असते. तोंड उघडताना जबड्याचं टोक आणि चकती बरोबरीनं पुढे सरकायला हवेत. नानांची डावीकडची चकती जागेवरून पुढे घसरली होती. उघडताना टोक तिच्या मागच्या कडेवरून चढून पुन्हा तिच्याखाली येतं, तो मोठा टक्. मिटताना ती परत निसटते, तो बारीक. सांधा कानाला इतका खेटून आहे की आवाज कानातच झाल्यासारखा वाटतो. कानातली हातोडी आणि ऐरण ही दोन इवली हाडं तर मुळात जबड्याचीच. माणसाच्या फार फार जुन्या पूर्वजांमध्ये त्यांच्याच पूर्वरूपांचा जबड्याचा सांधा होता, आणि आजही आईच्या पोटात ती जबड्याच्या शेजारीच घडतात. फिटरला हातोडी-ऐरण ऐकून बरं वाटलं.

कान आणि जबडा यांची ही गल्लत काही नानांपासून सुरू झाली नाही. अमेरिकेत सेंट लुईसचे कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी 1934 मध्येच लिहून ठेवलं की कानाची तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांचं मूळ जबड्यात असतं. दाढा गेल्या की सांधा दबतो आणि सगळं त्यातून होतं, हे त्यांनी दिलेलं कारण पुढे बरंचसं मोडीत निघालं. दोघं शेजारी आहेत आणि एकाचं दुसऱ्याच्या नावावर खपतं, एवढं टिकलं.

बाईंनी गालाच्या आतून बोट फिरवलं. "खर्रा खाता?"

नाना गप्प बसले. भंडाऱ्या-नागपूरचा माणूस भिलाईला आला तरी सुपारी-तंबाखूचा खर्रा मागे ठेवून येत नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं, मुंबईच्या डॉ. जोशींनी 1953 मध्ये या रोगाला नाव दिलं तेव्हापासून आपल्याकडचे दातांचे डॉक्टर आधी तेच चाचपतात. नानांचा गाल अजून मऊ होता.

"नशीब समजा. पण सुपारी बंद. कडक काही नाही. दोन्ही बाजूंनी चावायचं. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची." मग त्यांनी नानांना त्यांचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. तिन्ही गेली. "छान. दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर या आवाजाला औषध नाही आणि गरजही नाही. कित्येकांचा असा आवाज जन्मभर होतो, काही बिघडत नाही. रोज सकाळी तीन बोटं घालून पाहायची, एवढं लक्षात ठेवा. आवाज आपोआप बंद झाला आणि तिसरं बोट जाईनासं झालं, तर त्याच दिवशी यायचं. पेढे वाटत बसायचं नाही."

नानांनी मान डोलावली. पण घरी येताना त्यांच्या डोक्यात एवढंच राहिलं की आवाजाला औषध नाही.

दिवाळीत घरात दुसराच एक आवाज सुरू झाला. सूनबाईचं बी. एड. झालेलं, आणि रिसालीच्या एका शाळेनं तिला विचारलं होतं. तिनं जेवणं झाल्यावर विषय काढला. मुलगा म्हणाला, "नानांना विचार." नाना म्हणाले, "पोराकडे कोण पाहील? पाहू पुढे." यात नाही म्हटल्यासारखं काही नव्हतं, असं नानांचं प्रामाणिक मत. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेपाचला ओट्यावर भांडी आदळू लागली. पातेल्यावर झाकण, कढईवर उलथनं, कुकर तर उगाचच. मधूनमधून शब्दही यायचे. खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या कोणी धुवायच्या, टाकीत पाणी चढलं की नाही हे पाहायला घरात दोन-दोन पुरुष असताना बाईनंच का पळायचं, असले.

नानी म्हणाल्या, "अहो, तिच्याशी दोन शब्द बोला ना."

"होईल शांत," नाना म्हणाले.

आणि झाली. महिनाभरानं भांडी अलगद ठेवली जाऊ लागली. सूनबाई विचारलं तेवढंच बोलायची. खर्ऱ्याबद्दल चकार शब्द नाही. सोडला म्हणून सांगितलेला खर्रा नाना तलावाच्या काठी फिरायला जाऊन खायचे, हे तिला ठाऊक होतं, तरी नाही. नानांना घर फार बरं वाटू लागलं. टपरीवर त्यांनी सांगितलंसुद्धा, सुनेचं डोकं ठिकाणावर आलं म्हणून.

संक्रांतीच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी चहासाठी तोंड उघडलं आणि कानात काहीच झालं नाही. पुन्हा उघडलं. काहीच नाही. तीन बोटांचा नेम त्यांनी दिवाळीआधीच सोडून दिला होता. आता तर कारणच उरलं नव्हतं. डावीकडे कानापुढे जरा ठणकत होतं, ते थंडीचं असेल. त्या दिवशी ज्याला त्याला तिळगूळ देताना ते म्हणाले, "घ्या, माह्या कानातलं बेअरिंग दुरुस्त झालं." दीदीला दिला, टपरीवाल्याला दिला. सूनबाईच्या हातावर ठेवला तेव्हा तिनं नमस्कार केला आणि ती आत गेली. खरं तर पेढेच वाटायचे राहिले होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नातवाला घेऊन नाना मैत्रीबागेत गेले. रशियाच्या मैत्रीची आठवण म्हणून कारखान्यानं 1972 मध्ये केलेली ही बाग, आणि तिथल्या पांढऱ्या वाघांसाठी लांबलांबून लोक येतात. वाघ सावलीत पसरला होता. पोरानं जाळीला नाक लावलं. वाघानं मान वर केली आणि अशी जांभई दिली की मागच्या दाढा, खरखरीत जीभ, घशाची लाली सगळं दिसलं. पोरालाही जांभई आली. जांभईचं ते तसंच असतं, लिहितानासुद्धा येते. नानांना आली. हनुवटीखाली मूठ नेण्याचंही त्यांना सुचलं नाही, आणि गरजही पडली नाही, कारण जांभई अर्ध्यातच अडली. कानापुढे सणकून कळ आली. जबडा डावीकडे वाकडा झाला आणि तिथेच थांबला.

"नाना, वाघासारखी द्या ना," पोरगं म्हणालं. "अशी काय?"

नानांनी तोंडात बोटं घातली. दोन गेली. तिसरं दातांवर आपटलं. त्यांनी हात बदलून पाहिला, बोटं तिरकी करून पाहिली. पोराला वाटलं नाना खेळताहेत. तोही आपली चार बोटं कोंबून दाखवू लागला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आवाज कधी बंद झाला?"

"संक्रांतीले."

बाईंनी हातमोजे घातले, दोन्ही अंगठे नानांच्या खालच्या दाढांवर ठेवले आणि जबडा खाली दाबून पुढे ओढला. एकदा, दोनदा, थोडं थांबून तिसऱ्यांदा. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. टक् झालं नाही. चकती आता पुढेच दुमडून बसली होती. टोक तिच्यावर चढू शकत नव्हतं, म्हणून आवाजही नव्हता. अडकल्याबरोबर आला असतात तर कदाचित परत बसली असती, बाई म्हणाल्या. आता शेक, रोजचे व्यायाम, रात्री दातांवर घालायची पट्टी, आणि महिनोन् महिने धीर. तोंड हळूहळू बरंचसं उघडेल. चकती मात्र जागेवर येईलच असं नाही.

"आवाज गेला म्हणून खूश झालो होतो," नाना दोन बोटांच्या फटीतून म्हणाले.

"सगळेच होतात. काही दिवस कमी बोला. मऊ खा."

परतताना रेल्वेचं फाटक लागलं होतं. मालगाडी जाईपर्यंत नाना रिक्षात बसून होते. लाल धुळीनं माखलेले डबे एकामागून एक जात होते आणि एका डब्याचं चाक प्रत्येक फेऱ्याला ठोका देत होतं. रिक्षावाल्याला ते ऐकूही आलं नसेल. नानांनी तो ठोका गाडी दूर जाईपर्यंत ऐकला. मग त्यांना घरचा ओटा आठवला आणि मधले तीन महिने कसे गेले ते ते मोजू लागले.

घरी सूनबाईनं मऊ खिचडी वाढली, लोणच्याची फोड कुस्करून बाजूला ठेवली आणि ती वळली.

"बाई, बस जरा," नाना म्हणाले. "त्या रिसालीच्या शाळेचं काय झालं?"

"कोणत्या?"

"दिवाळीत म्हणत होती ना तू."

"भरली ती जागा. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत."

"मले सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं नाना. दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, पाहू."

नानांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कानापुढे कळ आली आणि उत्तर आतच राहिलं. त्यांनी पाट पुढे सरकवला, ताट बाजूला केलं, आणि हातानंच खूण केली, बोल.

ती लगेच काही बोलली नाही. नानींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग बसली. सुरुवात तिनं टाकीच्या पाण्यापासून केली, कारण ते सगळ्यांत सोपं होतं. तिथून खर्ऱ्यावर आली, तलावाकाठच्या खर्ऱ्यावरही. मग बी. एड.ला माहेरचे किती पैसे लागले ते निघालं, आणि नवऱ्यानं 'नानांना विचार' म्हणून अंग काढून घेतलं ते. नाना दोन-तीनदा मधे पडायला गेले. "असं नाही," एवढं म्हणायचं असलं तरी जबड्याची परवानगी लागत होती. खिचडी गार झाली. नानी मधे एकदा चहा ठेवायला उठल्या आणि चहा न ठेवताच परत येऊन बसल्या. मुलगा शिफ्टवरून आला तो उंबऱ्यातच उभा राहिला, कारण त्याचं नाव चाललं होतं. टपरीवर नाना काय बोलले तेही तिच्यापर्यंत आलेलं होतं, शब्दाला शब्द.

"एप्रिलमध्ये दुसऱ्या शाळा जागा काढतील," ती शेवटी म्हणाली. "मी चार ठिकाणी अर्ज टाकणार आहे. पाहू वगैरे नाही, टाकणारच."

नानांनी मान हलवली.

"आणि उद्यापासून पोराला शाळेत तुम्ही सोडायचं. सव्वासातला निघावं लागतं. सायकलचं मागचं चाक पंक्चर आहे, ते आजच काढून आणा. खर्ऱ्याची पुडी खिशात आहे ती आधी इथे ठेवा."